एक तारका पुसा, जिल्हा मिळवा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. ठाण्याचं विभाजन करा, ही मागणी त्याआधी कित्येक वर्षं चालू होती. मालेगाव जिल्हा करा, ही मागणी तर अजून मागणीच आहे. निवडणूक आली की ती वर येते, निकाल लागला की पुन्हा फायलीत जाऊन पडते. मंत्रालयात इतक्या वर्षांत जे झालं नाही, ते मराठी विकिपीडियावर कोणीही घरबसल्या एका बोटाने करू शकतो.

विकीवर महाराष्ट्राची यादी करायची तर नाशिक विभागाच्या आधी एक तारका देतात, नाशिक जिल्ह्याच्या आधी दोन आणि तालुक्याच्या आधी तीन. तारका म्हणजे कीबोर्डवर आठाच्या आकड्यावर बसलेलं ते चिन्ह. तारका जितक्या जास्त, तितकी ओळ उजवीकडे सरकते आणि तितका तिचा हुद्दा खाली येतो. लष्करात आणि हॉटेलांत तारका वाढल्या की मान वाढतो, विकीवर उलटं.

आता मालेगावच्या तीन तारकांपैकी एक पुसा आणि पान जतन करा. मालेगाव जिल्हा झाला. ना समिती, ना अधिसूचना, ना पालकमंत्रिपदावरून रुसवेफुगवे.

गंमत पुढे आहे. नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके अकारविल्हे लावले तर मालेगावच्या खाली येवला, सिन्नर आणि सुरगाणा येतात. मालेगावला बढती मिळाल्याक्षणी हे तिघे, कोणी विचारलेलं नसताना, मालेगाव जिल्ह्यात दाखल होतात. नाशिकला खेटून असलेलं सिन्नर मालेगावात. गुजरातच्या सीमेवरचं सुरगाणाही मालेगावात. आणि मालेगावला खरोखर लागून असलेलं नांदगाव मात्र ‘न’ आधी येतो म्हणून नाशकातच. सीमाप्रश्न इतक्या झटपट आणि इतका चुकीचा आजवर कोणी सोडवला नसेल.

तारका वाढवली तर याच्या उलट. पुणे विभागातले जिल्हे अकारविल्हे लावले की कोल्हापूर पहिलं, पुणे दुसरं. पुण्याच्या दोन तारकांच्या चुकून तीन झाल्या की पुणे हा कोल्हापूर जिल्ह्यातला एक तालुका होतो. कोल्हापूरकरांना यात वावगं काही दिसणार नाही. पुणेकर मात्र ‘विकिपीडिया वाचून येऊ नये’ अशी पाटी दारावर लावतील.

आणि विभागाच्या एका तारकेनंतर कोणी थेट तीन तारकांचा तालुका लिहिला तर? विकी तक्रार करत नाही. मधल्या पायरीची एक रिकामी ओळ तो स्वतःच धरून चालतो आणि तिच्या नावाने एक टिंब काढून ठेवतो. जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली आहे, नवे अजून रुजू व्हायचे आहेत, खुर्ची मात्र जागेवर आहे, असं ते पान दिसतं.

विकीच्या यादीशास्त्राचं सूत्र एवढंच: ओळीत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ओळीचं पहिलं चिन्ह काय आहे ते तो बघतो. तारका असेल तर टिंबाची यादी, हॅश असेल तर आकड्यांची. अर्धविराम असेल तर शब्द ठळक होतो आणि अपूर्णविराम असेल तर ओळ आत सरकते. चार चिन्हांत सगळा संसार.

ही चिन्हं आली कुठून? वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी जगातलं पहिलं विकी सुरू केलं. वेबपानावर यादी करायची तर तेव्हा टोकदार कंसांची जंत्री लिहावी लागे. सामान्य माणसाला ती झेपणार नाही, म्हणून त्यांनी सोपी युक्ती काढली: ओळीच्या सुरुवातीला टॅब द्या आणि तारका टाका. युक्ती छानच होती, फक्त ब्राउझरमध्ये टॅबचं बटण दाबलं की कर्सर लिहिण्याची चौकट सोडून शेजारच्या बटणावर जाऊन बसे. मग ‘मला टॅब देता येत नाही, माझ्या मोकळ्या जागांचे टॅब तुम्हीच करून घ्या’ अशा अर्थाची एक खूण करायची सोय पानाखाली द्यावी लागली. सोपेपणा सोपा करून द्यायची ही पहिली खटपट. पुढच्या विकींनी टॅब काढून टाकला, तारका ठेवली. २००१ साली विकिपीडिया आला, १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि तारका आपल्या दारात आली.

आपल्याला याद्या काही नव्या नव्हत्या. पण आपण यादी करतो म्हणजे १ लिहितो, टिंब देतो, मजकूर लिहितो, पुढच्या ओळीवर येऊन २ लिहितो. नवा संपादक विकीवर तेच करतो. साहित्य संमेलनाध्यक्षांची यादी घ्या. १ ला न्यायमूर्ती रानडे, पुणे, १८७८. २ ला कृष्णशास्त्री राजवाडे, पुणे, १८८५. ३ ला करंदीकर, सातारा, १९०५. ओळीखाली ओळ देखणी लावून तो ‘जतन करा’ दाबतो आणि बघतो तर रानडे, राजवाडे आणि करंदीकर एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून उभे. एकदा एंटर दाबणं म्हणजे नवी ओळ, हे विकीला मान्यच नाही. सगळं एका परिच्छेदात ओतून तो मोकळा होतो. सत्तावीस वर्षांत झालेली तीन संमेलनं एका दमात उरकतात.

मग कोणीतरी जाणता सदस्य येऊन सांगतो की आकडे लिहू नका, प्रत्येक ओळीआधी हॅश टाका. मराठी विकिपीडियावर हॅशचे आकडे आपोआप येतात आणि तेही देवनागरी. शिवाय मध्ये एखादं विसरलेलं नाव घुसवलं तरी खालचे सगळे आकडे न कुरकुरता एकेक पायरी खाली सरकतात. माणसांच्या बाबतीत हे कधी घडलेलं नाही.

हॅशची एकच अट आहे. दोन ओळींच्या मध्ये मोकळी ओळ सोडायची नाही. सोडली की यादी तिथे संपली असं विकी समजतो आणि पुढची यादी १ पासून सुरू करतो. समजा, पान जरा मोकळं दिसावं म्हणून एका सौंदर्यवादी सदस्याने ९३ व्या संमेलनानंतर एक ओळ सोडली. ९४ वे अध्यक्ष, नाशिकच्या संमेलनाचे जयंत नारळीकर, क्षणात १ ल्या क्रमांकावर गेले आणि रानड्यांच्या बरोबरीला आले. खगोलशास्त्रज्ञाला काळ उलटा फिरलेला बघून आश्चर्य वाटलं नसतं कदाचित, पण बाकीच्यांचं काय?

त्याहून मोठा सौंदर्यवादी प्रत्येक नावानंतर एकेक ओळ सोडतो. मग रानडे १, राजवाडे १, करंदीकर १, आणि थेट तारा भवाळकर, विश्वास पाटील यांच्यापर्यंत सगळे १. मराठी साहित्यात आपण कितवे, याबद्दल प्रत्येक लेखकाचं जे खासगी मत असतं, ते विकीने असं बिनचूक जाहीर केलेलं आहे.

तारका कधी आणि हॅश कधी, हा पुढचा प्रश्न. शास्त्र सांगतं की क्रमाला अर्थ असेल तर हॅश. संमेलनं एकामागून एक झाली, पाककृतीत फोडणी आधी आणि पाणी मग, तिथे आकडे हवेत. क्रमाला अर्थ नसेल तर तारका. शास्त्र सोपं आहे, मराठी मन सोपं नाही. लग्नपत्रिकेत मधल्या काकांचं नाव थोरल्यांच्या वर छापलं गेलं तर ते काका पुढची दहा वर्षं त्या घरी पाणी पीत नाहीत. तेच विकीवर. एखाद्या जिल्ह्यातल्या किल्ल्यांच्या यादीला कोणी भाबडेपणाने हॅश लावला की दुसऱ्या दिवशी चर्चापानावर प्रश्न येतो, ‘आमचा किल्ला सातवा कसा?’ उंचीवरून लावले म्हणावं तर उंचीच्या आकड्यांवर वाद. बांधणीच्या काळावरून लावले म्हणावं तर इतिहासावर वाद, आणि तो पेटला तर किल्ले राहतात बाजूला. शेवटी कोणीतरी समंजस माणूस सगळे हॅश काढून तारका टाकतो आणि किल्ले अकारविल्हे लावतो. वर्णमालेवर आक्षेप घेणारा अजून निघालेला नाही. ज्यांचा किल्ला ‘ह’ ने सुरू होतो ते मनातल्या मनात चडफडत असतील, तेवढंच.

तारकेचा सगळ्यात निरागस उपयोग गावांच्या लेखात दिसतो. गावाच्या लेखात ‘प्रसिद्ध व्यक्ती’ असा विभाग असतो. त्यात एक संत, एक स्वातंत्र्यसैनिक, एक कीर्तनकार अशा तीन तारका नांदत असतात. एके दिवशी रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यांच्या डोक्यावर चौथी तारका उगवते. पुढे एका तरुणाचं नाव, त्यापुढे ‘युवा नेते, समाजसेवक व सर्वांचे लाडके’. संतांच्या वर बसायला या जगात फक्त एक तारका लागते. सकाळी कोणीतरी ती पुसतो, रात्री ती पुन्हा उगवते.

व्हॉट्सॲपने या गोंधळात आपली भर घातलीच आहे. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लावली की शब्द ठळक होतो. सुप्रभातपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं आपण तारकांच्या जोडीतच लिहायला शिकलो. तोच हात विकीवर आला की तो ‘इतिहास’ हा मथळा दोन तारकांच्या मध्ये लिहितो. विकी पहिल्या तारकेचं टिंब करतो, कारण ती ओळीच्या सुरुवातीला आहे. शेवटच्या तारकेचं काय करायचं हे त्याला माहीत नाही, म्हणून ती शब्दाच्या शेपटाला तशीच लोंबकळत ठेवतो. पुढे टिंब, मागे तारका, आणि मथळा होता तितकाच बारीक.

शाळेतले संस्कारही इथे नडतात. परिच्छेद सुरू करताना थोडी जागा सोडावी, हे आपल्याला बाईंनी पट्टी हातात घेऊन शिकवलेलं आहे. विकीवर ओळीच्या आधी एक मोकळी जागा सोडली की ती ओळ करड्या चौकटीत जाऊन बसते, अक्षरांचं वळण बदलतं, आणि पूर्वी तर ती पुढच्या ओळीवर वळायचं नाव न घेता पडद्याच्या उजव्या कडेबाहेर निघून जायची. गावाच्या जत्रेचं वर्णन असं अर्ध्यावर कडेपलीकडे गेलेलं मी पाहिलं आहे. पालखी कुठवर आली ते कळायला पान आडवं सरकवावं लागत होतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ही चारही चिन्हं मराठीत टंकायची कशी? इन्स्क्रिप्ट हा आपला प्रमाण कळफलक. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, म्हणजे विकी जन्माला यायच्या चार वर्षं आधी. त्यामुळे विकीला काय काय लागेल याची कल्पना त्याच्या रचनाकारांना असायचं कारण नव्हतं. त्यांनी इंग्रजी चिन्हांच्या जागा आपल्या अक्षरांना दिल्या, आणि नेमक्या त्याच जागा पुढे विकीला हव्या झाल्या. तारकेसाठी शिफ्ट आणि आठ दाबा, ‘श्र’ उमटतो. हॅशसाठी शिफ्ट आणि तीन दाबा, अक्षराच्या पायाला चिकटणारा र येतो. अर्धविराम दाबा, ‘च’ येतो. अपूर्णविराम दाबा, ‘छ’ येतो. दुव्यासाठी दोन चौकटी कंस दाबा, ‘डड’ होतं. शब्द ठळक करायला तीन अवतरण खुणा दाबा, ‘टटट’ होतं. नवख्या सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मन लावून शोधलं तर पहिली यादी अशी दिसेल: श्र वसई, श्र डहाणू, श्र जव्हार. वाचणाऱ्याला वाटतं, ही तालुक्यांची यादी आहे की सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण?

यावर उपाय म्हणजे दर ओळीला भाषा बदलणं. इंग्रजीत जा, तारका टाका, मराठीत या, ‘वसई’ लिहा, एंटर, इंग्रजीत जा. पालघरचे आठ तालुके लिहायचे तर सोळा वेळा सीमोल्लंघन. अनुभवी सदस्य आधी आठ तारका एकाखाली एक लावून घेतात आणि मग मराठीत येऊन नावं भरतात. आधी खुर्च्या मांडा, मग पाहुण्यांना बोलवा.

सगळ्यात हृदयद्रावक प्रकरण विसर्गाचं. विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जुळे भाऊ. विसर्ग कुठल्या बटणावर आहे हे शोधत बसण्यापेक्षा बहुसंख्य मराठी माणसं ‘दुःख’ लिहिताना मध्ये सरळ अपूर्णविराम ठोकतात. कागदावर ते खपून जातं. विकीवर शब्दार्थांची यादी करायची रीत अशी: ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम, मग शब्द, मग अपूर्णविराम, मग अर्थ. शब्द ठळक होतो आणि अर्थ खालच्या ओळीवर जरा आत सरकून येतो. आता अपूर्णविराम घातलेलं दुःख या यादीत लिहा. विकीला पहिला अपूर्णविराम दिसतो तो दुःखाच्या पोटात. तो तिथेच शब्द तोडतो. वर ठळक अक्षरात ‘दु’, खाली आत सरकलेला ‘ख’, आणि त्यापुढे उरलेला अर्थ. दुःखाची व्याख्या करायला गेलेल्या माणसाच्या हाती दुःखाचे दोन तुकडे येतात.

उलटंही घडतं. ओळ आत सरकवायला एखादा शुद्धलेखनप्रेमी अपूर्णविरामाऐवजी खरा विसर्ग टाकतो. विसर्गाला टेकायला आधी अक्षर लागतं. ते न मिळाल्याने तो ठिपक्यांचं एक वर्तुळ सोबत घेऊन येतो आणि ओळीच्या सुरुवातीला अवघडून उभा राहतो. ओळ एक केसभरही सरकत नाही.

अपूर्णविरामाचा खरा दरारा मात्र चर्चापानावर. कोणी मत मांडलं की उत्तर देणारा आधी एक अपूर्णविराम टाकतो, म्हणजे त्याचं म्हणणं जरा आत सरकतं. त्याला उत्तर देणारा दोन टाकतो, मग तीन, चार, पाच. वाद जसा तापतो तसा तो उजवीकडे सरकत जातो. दहाव्या-बाराव्या उत्तराला, त्यातही मोबाइलवर, ओळीत एकच शब्द मावतो आणि ‘आपण / आपली / मर्यादा / सोडत / आहात’ हे वाक्य खांबासारखं उभं वाचावं लागतं. मग कोणीतरी एक साचा लावून चर्चा पुन्हा डाव्या कडेला आणतो. मुद्दा तोच, माणसं तीच, फक्त जागा नवी.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर ही गोष्ट आणखी मजेची आहे. अपूर्णविराम हे चिन्ह मुळात शब्दाचा अर्थ देण्यासाठी. अर्धविरामाने शब्द सांगायचा, अपूर्णविरामाने अर्थ. चर्चापानावर शब्द कोणीच सांगत नाही, सगळे नुसते अपूर्णविरामच टाकतात. म्हणजे संगणकाच्या लेखी विकिपीडियावरची सगळी भांडणं ही कधीच न उच्चारलेल्या शब्दांच्या व्याख्या आहेत. मानवजातीच्या बऱ्याच वादांचं याहून अचूक वर्णन तत्त्वज्ञांनाही साधलेलं नाही.

या सगळ्याला आता पर्याय आला आहे. २०१३ पासून विकिपीडियावर यथादृश्य संपादन मिळू लागलं. त्यात तारका, हॅश काही टंकावं लागत नाही, बटण दाबलं की यादी तयार. उत्तर देण्याचंही बटण आहे, ते अपूर्णविराम स्वतः मोजतं. पण मुरलेले सदस्य अजून स्रोतातच लिहितात. त्यांना आपली तारका डोळ्यांसमोर दिसायला हवी.

मोकळ्या ओळीबद्दल जुने सदस्य इतके का टोकतात, याला एक कारण आहे आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ज्यांना दिसत नाही ते विकिपीडिया ऐकतात. पडदावाचक त्यांना सांगतो, ‘यादी, आठ नोंदी’, आणि मग एकेक नाव वाचतो. आठ तालुक्यांच्या मध्ये मोकळ्या ओळी सोडल्या असतील तर त्या आठ वेगवेगळ्या याद्या होतात आणि तो दर वेळी म्हणतो: यादी, एक नोंद, वसई, यादी समाप्त, यादी, एक नोंद, डहाणू, यादी समाप्त. डोळ्यांना जी ओळ हवेशीर वाटते, ती कानांना छळते. त्यामुळे सौंदर्यदृष्टी जरा आवरा.

तेव्हा वाचकहो, आपल्या तालुक्याचा, गावाचा लेख एकदा उघडून बघा. यादी अर्धवट असेल, वाडी राहिली असेल, नदीचं नाव चुकलं असेल. ते तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही. घाबरायचं कारण नाही, पानाचा प्रत्येक जुना अवतार इतिहासात जपलेला असतो आणि एका टिचकीत परत आणता येतो. आधी धूळपाटीवर हात साफ करा, अडलं तर चावडीवर विचारा, आणि जतन करण्याआधी झलक बघा. ओळीच्या सुरुवातीला तारका द्या, मध्ये ओळ सोडू नका, दुःखात खरा विसर्ग घाला. आणि ‘प्रसिद्ध व्यक्तीं’च्या यादीत स्वतःचं नाव लिहायची इच्छा झालीच, तर निदान संतांच्या खाली लिहा.